बैलाच्या पोटातील कामकरी

ज्वारीची कणसे खुडून घेतली, म्हणजे मागे उरतो तो कडबा. माणसाने तो खाल्ला, तर त्याला त्यापासून काडीचेही बळ मिळणार नाही. बैल मात्र तोच कडबा खाऊन दिवसभर नांगर ओढू शकतो. वास्तविक कडब्यातील सेल्युलोज नावाचे चिवट तंतू फोडणारा पाचकरस बैलाच्या शरीरातही तयार होत नाही. मग हे बळ येते कोठून?

बैलाच्या जठराचे चार कप्पे असतात. त्यांतील पहिला व सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट. मोठ्या जनावराच्या कोठीपोटात शंभर लिटरांहून अधिक ऐवज मावतो. तेथे ऊब असते, ओलावा असतो. प्राणवायू मात्र जवळजवळ नसतोच. अशा अंधाऱ्या जागी असंख्य सूक्ष्म जंतू सुखाने नांदतात. तेथील रसाच्या एका थेंबातही ते कोट्यवधी भरतील! १९४० नंतरच्या काळात रॉबर्ट हंगेट या अमेरिकन शास्त्रज्ञाने प्राणवायूचा स्पर्श होऊ न देता हे जंतू काचेच्या नळीत वाढविण्याची युक्ती शोधून काढली; तेव्हा कोठे त्यांचे कार्य नीट उमगू लागले.

घाईघाईने गिळलेला चारा बैल निवांतपणी पुन्हा तोंडात आणून चघळतो. यालाच रवंथ करणे म्हणतात. अशा रीतीने चारा बारीक झाला, की जंतू त्यातील तंतूंना चिकटतात, ते फोडतात व आंबवितात. त्यातून जी सौम्य आम्ले निर्माण होतात, ती रक्तात शोषली जातात आणि त्यांच्यापासूनच बैलाला बहुतेक शक्ती मिळते. पुढे हे जंतू अन्नाबरोबर चौथ्या कप्प्यात वाहत जातात व तेथे स्वतःच पचून जातात. बैलाला प्रथिने मिळतात, ती मुख्यतः त्यांच्यापासून. चाकरीचा हा मोबदला जरा विचित्रच खरा!

या जंतूंना खाण्यातील बदल सावकाश झालेलाच मानवतो. पोळ्याच्या दिवशी शेतकरी मोठ्या प्रेमाने बैलापुढे पुरणपोळ्या व धान्य ठेवतो. एरवी कडब्यावर राहणाऱ्या बैलाने ते पोटभर खाल्ले, तर पिष्ट व साखर आंबविणारे दुसरेच जंतू भराभर वाढतात. कोठीपोटात तीव्र आम्ल साचते आणि तंतू फोडणारे जंतू मरू लागतात. बैल रवंथ करीनासा होतो, त्याचे पोट फुगते, तो खाली बसतो. वेळीच उपचार न झाल्यास दगावतोही. म्हणून सणाच्या दिवशी गोड घास नावापुरताच भरवावा, असे पशुवैद्य सांगतात.

निरोगी बैलाच्या डाव्या भकाळीवर, म्हणजे बरगड्यांमागील खोलगट भागावर, मूठ टेकविली, तर मिनिटातून एकदोनदा आतून हलकासा उठाव जाणवतो. कोठीपोट आपल्यातील चारा ढवळीत असते. तो उठाव जाणवेनासा झाला, की जाणता शेतकरी गुरांच्या दवाखान्याची वाट धरतो.