ग्लोव्ह्ज वाढत्या अंगाचे नकोत

जून महिना आला की आपल्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘थोडा मोठाच घ्या, पुढच्या वर्षीही चालेल.’ शाळेचा युनिफॉर्म असो, रेनकोट असो की ईदचा कुर्ता, वाढत्या मुलांच्या घरात सगळे वाढत्या अंगाचे घेतले जाते. त्यात गैर काही नाही. चार मुलांचे घर चालवणारी अम्मी अशीच काटकसर करून संसार ओढते. पण एक वस्तू अशी आहे की जिच्या बाबतीत ही काटकसर मुलाच्या बोटांवर बेतते. ती म्हणजे क्रिकेटचे बॅटिंग ग्लोव्ह्ज.

आम्ही शिक्षक आहोत, खेळाचे प्रशिक्षक नाही. मात्र शाळेची टीम मैदानावर नेताना, सामाईक किट सांभाळताना आणि सुजलेले बोट घेऊन वर्गात बसलेली मुले पाहताना जे कळले, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. पायाला लागले तर मूल लंगडत का होईना वर्गात येते. उजव्या हाताचे बोट मोडले की पेनच सुटते, आणि दहावीच्या वर्षी पेन सुटणे म्हणजे काय, हे पालकांना वेगळे सांगायला नको.

चेंडू बदलतो तेव्हा

आपली बहुतेक मुले खेळायला लागतात ती टेनिस बॉलवर. गल्ली, मोहल्ला, कोकणातली कापणी झालेली शेते, सगळीकडे तोच चेंडू. त्याचे वजन जेमतेम ५६ ते ५९ ग्रॅम. हाताला लागला तर चुरचुरते, एवढेच. मग मूल शाळेच्या टीममध्ये निवडले जाते आणि हातात येतो सीझन बॉल. मोठ्यांच्या क्रिकेटमध्ये त्याचे वजन १५६ ते १६३ ग्रॅम असते, म्हणजे जवळजवळ तिप्पट. तेरा वर्षांखालील मुलांसाठी १३३ ते १४४ ग्रॅमचा लहान चेंडू असतो, पण टणकपणा तोच.

हा चेंडू हातावर बसतो तेव्हा बोट दोन कठीण वस्तूंमध्ये सापडते. पुढून चेंडू, मागे बॅटचा दांडा. बोट चेचले जाते ते यामुळेच. २०१९ च्या विश्वचषकात ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध शिखर धवनच्या डाव्या अंगठ्यावर असाच चेंडू बसला. त्याही अवस्थेत त्याने ११७ धावा केल्या, पण अंगठ्याला फ्रॅक्चर निघाले आणि त्याची स्पर्धा तिथेच संपली. उत्तमातले उत्तम ग्लोव्ह्ज घालणाऱ्याची ही गत, तर सैल आणि जुन्या ग्लोव्ह्जवर आपल्या मुलाला उभे करताना विचार करायला हवा.

बहुतेक घरांत पैसे जातात बॅटवर आणि उरलेल्यात ग्लोव्ह्ज बसवले जातात. क्रिकेटचा कायदा मात्र वेगळे सांगतो. बॅट धरलेला हात आणि त्यावरचा ग्लोव्ह हा बॅटचाच भाग मानला जातो, म्हणून ग्लोव्हला लागून उडालेला झेल घेतला तर फलंदाज बाद होतो. कायदा दोघांना एक समजतो. खर्चाची वाटणी करताना आपणही हे लक्षात ठेवलेले बरे.

माप घरीच घ्या

दुकानात जाण्याआधी मुलाचा पंजा सरळ पसरायला सांगा. मनगटावरच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टीने मोजा. साधारणपणे १६ सेंटिमीटरच्या आत असेल तर सर्वांत लहान माप, १६ ते १७.५ असेल तर बॉईज, १७.५ ते १९ असेल तर यूथ आणि त्यापुढे मेन्स. कंपन्यांच्या मापात थोडा फरक असतो, त्यामुळे शेवटचा निवाडा ग्लोव्ह्ज हातात घालूनच करायचा.

घालताना आत सुती इनर असू द्या, कारण खेळतानाही ते असणार. मग मुलाच्या हातात बॅट द्या आणि तीन गोष्टी पाहा. बोटाची टोके शिवणीला घट्ट टेकत असतील तर माप लहान आहे. अशाने बोट दुखते आणि शिवणही लवकर उसवते. टोकाशी सेंटिमीटरभर पोकळी राहत असेल तर माप मोठे आहे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : मूठ वळल्यावर तळहाताच्या चामड्याच्या चुण्या पडतात का? पडत असतील तर बॅट मुठीत फिरेल आणि तासाभरात तळहाताला फोड येतील.

मोठा ग्लोव्ह नुसता अडचणीचा नसतो, धोक्याचाही असतो. बोटांवरचे जाड रोल आणि अंगठ्यावरची कडक पट्टी ठरावीक सांध्यांवर बसावी अशी बेतलेली असते. ग्लोव्ह सैल असला की हे कवच सरकते आणि नेमके हाड उघडे पडते. पुढच्या वर्षीच्या बोटांचे रक्षण करणारा ग्लोव्ह यंदाच्या बोटांच्या कामाचा नसतो.

कोणत्या हाताने लिहितो, हे विचारू नका

ग्लोव्ह्जच्या जोडीवर उजवी की डावी असे लिहिलेले असते. त्याचा संबंध लिहिण्याशी नाही, बॅटिंगशी आहे. सचिन तेंडुलकर सही डाव्या हाताने करतो, पण खेळला उजव्या हाताने. सौरव गांगुलीने गोलंदाजी उजव्या हाताने केली आणि फलंदाजी डावखुरी. उजवा फलंदाज बॅट धरतो तेव्हा उजवा हात खाली असतो. त्या हाताची पहिली दोन बोटे आणि अंगठा यांना सर्वांत जास्त धोका असतो, म्हणून जास्तीची मजबुती तिथे दिलेली असते. डावखुऱ्याचे उलट. चुकीची जोडी हातात बसते, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. ती लक्षात येते चेंडू लागल्यावर. अब्बा एकटे खरेदीला जाणार असतील तर मूल कोणत्या बाजूने उभे राहते, एवढे नक्की पाहून जावे. शक्य असेल तर मुलालाच सोबत न्यावे.

नाव नव्हे, शिवण पाहा

आपल्या देशात क्रिकेटच्या सामानाची मोठी केंद्रे दोन : मेरठ आणि जालंधर. फाळणीपूर्वी खेळाच्या सामानासाठी सियालकोट प्रसिद्ध होते. १९४७ नंतर तिथले अनेक व्यापारी आणि कारागीर या दोन शहरांत येऊन वसले आणि नव्याने उभे राहिले. आज सगळीकडे ओळखले जाणारे एसजी हे नावही १९३१ साली सियालकोटमध्येच सुरू झाले होते. मोठ्या नावाचा आणि बिननावाचा, असे दोन्ही प्रकारचे माल याच शहरांतून येतात. म्हणून नुसते नाव पाहून भुलू नये आणि नाव नाही म्हणून नाकारूही नये. ग्लोव्ह उलटसुलट करून पाहावा.

तळहात आधी पाहा. मेंढीचे चामडे मऊ असते, पकड छान बसते, पण ते लवकर झिजते. गुराचे चामडे जाड आणि टिकाऊ, मात्र हाताला बसायला काही दिवस घेते. रेक्झिनसारखा कृत्रिम तळहात स्वस्त पडतो, पण घामाने निसरडा होतो आणि घडीवर चिरतो. आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याला तो चालेल, रोज नेटला जाणाऱ्याला नाही. चामडे कोणत्या प्राण्याचे, हा प्रश्न आपल्या घरांत विचारला जातोच. अनेक ग्लोव्ह्जच्या लेबलवर ते छापलेले असते. नसेल तर दुकानदाराला सरळ विचारावे, त्यात संकोच कसला?

मग बोटे पाहा. अंगठ्याने रोल दाबा. तो घट्ट लागला पाहिजे आणि लगेच पूर्ववत झाला पाहिजे. दाबला तसाच राहिला तर आतले भरण हलके आहे. रोल दोन-तीन तुकड्यांत विभागलेले असतील तर बोट सहज वळते. सलग जाड रोल संरक्षण देतो, पण नवा असताना कडक वाटतो. दोन बोटांच्या मधल्या भागात जाळी असेल तर हवा खेळते. शेवटी मनगटाची पट्टी चार-पाच वेळा उघडून लावून पाहा. वेल्क्रो सैल पडले की चांगला ग्लोव्हही हातात फिरतो.

पाच-सहाशे रुपयांपासून तीन हजारांच्या पुढेपर्यंत किमती आहेत. शाळकरी मुलाला मधल्या किमतीची, नेमक्या मापाची जोडी पुरते.

टिकणे घरच्यांच्या हातात

ग्लोव्ह्ज चेंडूने कमी आणि घामाने जास्त खराब होतात. घामातले क्षार चामड्यात मुरतात, ते वाळून कडक होते आणि मग घडीवर तडकते. किट बॅगेत तसेच कोंबलेले ओले ग्लोव्ह्ज दुसऱ्या दिवशी वास मारतात आणि त्या ओलीत बुरशी धरते. उपाय साधा आहे. घरी आल्यावर ते बाहेर काढायचे, वेल्क्रो उघडायचे आणि सावलीत, वाऱ्यावर, बोटे वर करून ठेवायचे. कडक उन्हात नको, इस्त्रीखाली नको, नळाखाली साबणाने तर मुळीच नको. ओलसर कापडाने पुसले की पुरे. धुवायचे असते ते इनर, आणि ते रोज.

शाळेचे किट सामाईक असेल तर एका मुलाच्या घामाने भिजलेले ग्लोव्ह्ज पुढचा घालतो. अशा वेळी इनर तरी प्रत्येकाचे स्वतःचे हवेत. खर्च थोडा, पण हाताच्या त्वचेचे अनेक त्रास टळतात. शिवण थोडी उसवली तर लगेच मोच्याकडे न्या, भोक पडण्याची वाट पाहू नका.

एक गोष्ट खास मुलींसाठी. आता मुलीही सीझन बॉलवर खेळू लागल्या आहेत, पण त्यांच्या वाट्याला बहुधा भावाचे जुने ग्लोव्ह्ज येतात. मुलींचा पंजा लहान असतो. अनेक मोठ्या मुलींनाही यूथ माप नीट बसते. तिचा हात मोजा आणि तिच्या मापाचे द्या. चेंडू भाऊ-बहीण पाहून लागत नाही.

बोटाला लागलेच तर

अंगठी घातलेली असेल तर सूज येण्याआधी काढा. बर्फ कापडात गुंडाळून लावा. बोट ओढून ‘सरळ’ करायला कुणालाही देऊ नका, मग तो कितीही अनुभवी म्हणवणारा असो. बोट वळत नसेल, वाकडे दिसत असेल किंवा टोक खाली लोंबत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि ते सांगतील तर एक्स-रे काढा. टोक लोंबणाऱ्या बोटाला वेळीच पट्टी बांधली तर बहुधा शस्त्रक्रियेविना भागते, पण ती पट्टी सहा ते आठ आठवडे न काढता ठेवावी लागते.

मग काटकसर कुठे करायची?

नेमक्या मापाचे घेतले तर ते वर्ष-दीड वर्षात लहान होणार, हे खरे. शाळेच्या टीममधल्या कित्येक मुलांचे वडील रिक्षा चालवतात किंवा हातगाडी लावतात, त्यांना हा हिशोब टाळता येत नाही. यावर आमच्या शाळेत एक रीत पडली आहे. स्टाफरूमच्या कपाटात एक पेटी आहे. हाताला लहान झालेले ग्लोव्ह्ज मुले तिथे आणून ठेवतात. आम्ही रोल दाबून पाहतो, अंगठ्याची पट्टी तडकली आहे का ते तपासतो आणि चांगल्या जोडीवर चिठ्ठी लावतो : माप अमुक, उजवी किंवा डावी. ज्याला ती बसेल तो घेऊन जातो आणि त्याची लहान झालेली जोडी ठेवून जातो. ज्यांचे भरण बसले आहे, ती जोडी मात्र कुणालाच दिली जात नाही.

मोहल्ल्यातल्या आठ-दहा घरांनी मिळून अशी पेटी ठेवायला काहीच खर्च नाही. फक्त ग्लोव्ह्ज वाळवून, पुसून आणि चिठ्ठीवर माप लिहून ठेवावे लागतात. हे काम मुलांवरच सोपवा, ते आवडीने करतील.