वायपरचा सैल दांडा
बेळगावहून गोव्याकडे जाताना चोर्ला घाटातील पावसात जुन्या मोटारीचा वायपर थबकला, तर चालकाची दृष्टीच हरपते. पुष्कळदा दोष विद्युत्‌यंत्राचा नसून दांड्याच्या बुडाचा असतो. आतला आस फिरतो. दांडा मात्र त्यावर घसरतो. अशा वेळी नट नुसता आवळत राहणे हिताचे नव्हे. वायपर विसाव्याच्या जागी आणून कळ बंद करावी, नट काढून दांडा उचलावा आणि आसावरील बारीक दाते तारेच्या ब्रशाने स्वच्छ करावेत. दांड्याचा धातू बहुधा मऊ असल्याने त्याचेच दाते आधी झिजतात; ते गुळगुळीत झाले असल्यास दांडा बदलावा. शाबूत असल्यास तो नीट बसवून नट बेताने आवळावा व काच ओली करूनच परीक्षा घ्यावी. मृगापूर्वीच हे काम उरकलेले बरे.