दोन चौकोन, आठ टोके

कापडाच्या पेढीवर हंगाम पालटला की नमुन्यांची जुनी पुस्तके निकालात निघतात. पॉपलिन, केंब्रिक, मलमल यांचे वीतभर तुकडे पुठ्ठ्यावरून सुटतात आणि बहुधा पुसण्याच्या फडक्यांत जमा होतात. ठाणातील इंचाइंचाचा हिशेब राखणाऱ्या घरात हे तुकडे मात्र हिशेबाबाहेरचे. वास्तविक हे कापड कोरे असते, कोणाच्या अंगावर पडलेले नसते. म्हणून महावीर निर्वाणाच्या, अर्थात दिवाळीच्या, दिवसांत दारावर किंवा घरदेरासराच्या चौकटीला लावण्याजोगे लटकन त्यातून निःसंकोच शिवता येते.

त्यासाठी दोनच चौकोन पुरतात. फ्रान्समधील सुईकामात या आकाराला ‘बिस्कोर्नू’ म्हणतात. शब्दाचा अर्थ वेडावाकडा, आणि तो यथार्थ आहे. कोपऱ्याला कोपरा जुळवून शिवले तर साधी उशी होते. येथे एका चौकोनाचा कोपरा दुसऱ्याच्या बाजूच्या मध्यावर आणावयाचा, एवढाच काय तो भेद.

१२ सेंटिमीटरचे दोन चौकोन कापावेत. चारही कडा १ सेंटिमीटर आत दुमडून इस्त्री केली की १० सेंटिमीटरची बाजू उरते. प्रत्येक बाजूचा मध्य खडूने नोंदवावा. पहिल्याचा कोपरा दुसऱ्याच्या मध्याला लावून, दोन्ही कडा सुईत घेत, बाहेरूनच जवळजवळ टाके घालावेत. ५ सेंटिमीटर शिवून झाले की दुसऱ्याचा कोपरा येतो आणि तो नेमका पहिल्याच्या मध्याशी भेटतो. नवशिक्या हाताला येथे शंका येते, कारण कापड वाकडे होऊ लागते. ते तसेच व्हावयास हवे. कोपरा वळवून पुढे जावे. असे आठ टप्पे; सात शिवून आठवा भरणासाठी उघडा ठेवावा आणि तो मिटताना एका टोकाला टांगण्याचा बंद अडकवावा. शेवटी मधोमध आरपार दोरा घेऊन दोन्ही अंगांना एकेक बटण ओढून बसवावे. मध्य आत दबतो, वरच्या चौकोनाची चार टोके खाली झुकतात, खालच्याची चार वर उचलली जातात.

शिवण्याहून अधिक विचार मागतो तो साहित्याचा प्रश्न. सणाचे म्हणून पैठणीचा काठ किंवा रेशमी तुकडा घेण्याचा मोह होतो. पण प्रचलित रीतीने रेशीम काढताना कोशातील जीव उष्णतेने मारला जातो, आणि एका साडीमागे असे हजारो कोश लागतात. गुळेदगुड्डच्या पारंपरिक खणातही सुताच्या जोडीला रेशीम असते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पिसांचे भरण, शिंपल्याचे किंवा शिंगाचे बटण हेही वर्ज्यच. सुती कापड, कापूस आणि नारळाच्या करवंटीचे बटण यांनी शोभेत काडीचीही उणीव येत नाही.

पोपट-मोरांच्या कापडी आकृत्या अधिक लोकप्रिय आहेत, हे खरे. परंतु सोमदेवसूरींच्या यशस्तिलकचंपूत (इ. स. ९५९) पिठाच्या कोंबड्याचा बळी दिल्यामुळे यशोधर राजाला पशुयोनीत भटकावे लागले, हे वाचलेल्या घरात आकृती कापण्या-टोचण्याविषयी थोडा संकोच असणे स्वाभाविक आहे. भाव निराळा असल्याने दोष नाही असे कोणी म्हणेल; तरी मुलांच्या हाती कात्री-सुई देताना बिनचेहऱ्याचा हा आकार अधिक निर्वेध वाटतो.

कापूस भरताना जयणा विसरू नये. जुन्या गादीतील कापूस घेऊ नये, त्यात जीव असण्याचा संभव अधिक. नवा कापूस पांढऱ्या कापडावर पसरून, पिंजून, सरकी व कचरा वेचून मगच वापरावा. त्यात ओल राहिली तर आत जीवोत्पत्ती होते. सण सरल्यावर लटकन सुती पिशवीत कोरड्या जागी ठेवावे. डांबराच्या गोळ्या सोबत टाकू नयेत. कोरडेपणा राखला तर त्यांची गरजच पडत नाही.