धुराडे एकीकडे, हिशेब दुसरीकडे

आषाढात कामशेतहून वडिवळ्याकडे जाताना भाताची खाचरे तुडुंब भरलेली असतात. पलीकडे कुंडली नदीवरचे वडिवळे धरण. याच मावळात, वडगावच्या कृषी संशोधन केंद्रात, ‘इंद्रायणी’ हा सुवासिक वाण तयार झाला. या खाचरांतून एक वायूही सतत वर जात असतो. पाणी साचले की चिखलातला प्राणवायू संपतो आणि त्याच्याशिवाय जगणारे सूक्ष्मजीव मिथेन सोडू लागतात. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो.

मावळातच पुढे तळेगावची औद्योगिक वसाहत आहे. खाचर आणि कारखाना यांचा संबंध काय? ‘नेट झिरो’च्या हिशेबात तो जोडला जाऊ शकतो, आणि या हिशेबाचा आपल्या फुप्फुसांशीही संबंध आहे.

कंपनीच्या उत्सर्जनाचे तीन भाग मोजतात. पहिला, स्वतःच्या बॉयलरचा, जनरेटरचा आणि वाहनांचा धूर. दुसरा, विकत घेतलेल्या विजेमागचा कोळसा. तिसरा, कच्चा माल, वाहतूक आणि विकलेल्या वस्तूचा वापर. मोटार बनवणाऱ्या कंपनीचा सर्वांत मोठा वाटा या तिसऱ्या भागात असतो, कारण गाडी पुढे अनेक वर्षे इंधन जाळते. ‘सेबी’ने २०२२-२३ पासून शेअर बाजारातील सर्वांत मोठ्या एक हजार कंपन्यांना पर्यावरणविषयक अहवाल देणे बंधनकारक केले. त्यात पहिले दोन आकडे अपेक्षित आहेत, तिसरा मात्र ऐच्छिक ठेवला गेला.

आकडा कमी करायला दोन वाटा असतात. एक म्हणजे खरोखर कमी जाळणे : जुना बॉयलर बदलणे, छतावर सौर पॅनेल बसवणे, यंत्रांची वीजगळती थांबवणे. दुसरी म्हणजे इतरांनी केलेली बचत ‘कार्बन क्रेडिट’ म्हणून विकत घेणे. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. भातखाचर मधूनमधून सुकू दिले तर मिथेन बरेच घटते, म्हणून भातशेतीतूनही अशी क्रेडिट तयार केली जातात.

हवामानाच्या दृष्टीने यात तर्क आहे. कार्बन डायऑक्साइड जगभर पसरतो, त्यामुळे तो कुठेही वाचला तरी सारखाच. शरीराचा हिशेब मात्र वेगळा आहे. कोळसा, डिझेल किंवा फर्नेस ऑइल जळते तेव्हा त्याच धुरातून २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण, गंधकाचे आणि नायट्रोजनचे ऑक्साइडही निघतात. त्यांचा सर्वाधिक त्रास जवळपासच्या वस्तीला होतो. हे कण फुप्फुसातून रक्तात उतरतात. दम्याचा झटका, हृदयविकार, पक्षाघात यांचा धोका वाढवतात. घरातील आणि बाहेरील प्रदूषित हवेमुळे जगात दरवर्षी सुमारे ७० लाख मृत्यू होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दूरच्या शेतातले क्रेडिट घेऊन कंपनीचा ताळेबंद जुळेल, पण धुराड्याशेजारच्या मुलाचा नेब्युलायझर सुटणार नाही.

क्रेडिटची खात्रीही तपासावी लागते. २०२४ मध्ये ‘व्हेरा’ या प्रमाणन संस्थेने चीनमधले भातशेतीचे ३७ प्रकल्प बाद ठरवले. शिवाय मावळातला पाऊस थांबायचे नाव घेत नाही, तेव्हा खाचर सुकवायचे कसे? वेळ चुकली तर तण माजते आणि तोटा शेतकऱ्याच्या पदरी येतो.

म्हणून क्रेडिट टाकाऊ ठरत नाहीत. सिमेंट बनवताना चुनखडीतूनच निघणारा कार्बन डायऑक्साइड केवळ इंधन बदलून थांबत नाही. अशा उरलेल्या उत्सर्जनासाठी त्यांना जागा आहे. आणि मिथेन घटले तर दमा बळावणारा जमिनीलगतचा ओझोनही कमी होतो.

खरी घट कशी दिसते, याचे जुने उदाहरण मावळातच आहे. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला सोडून टाटांनी १९१५ मध्ये वीज सुरू केली. ती मुंबईच्या गिरण्यांना मिळाली आणि तिथल्या बॉयलरांत जळणारा कोळसा कमी झाला. धूर घटला तो लोक श्वास घेत होते तिथेच. किंमत मात्र दुसऱ्यांनी मोजली. पूर्वेकडे जाणारे भीमा खोऱ्यातले पाणी कोकणात वळले, आणि शेजारच्या मुळशीत जमिनी बुडणार म्हणून १९२१ मध्ये सत्याग्रह झाला.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. तिच्यात उद्योगांची उद्दिष्टे प्रतिटन उत्पादनामागे ठरतात. उत्पादन वाढले तर प्रतिटन आकडा घटूनही एकूण धूर वाढू शकतो.

त्यामुळे ‘नेट झिरो’ची जाहिरात वाचताना तीन प्रश्न विचारावेत. स्वतःचे जाळणे किती कमी झाले आणि क्रेडिट किती घेतली? घट एकूण आहे की प्रतिटन? आणि ज्याच्या खाचरावर हिशेब मांडला, त्या शेतकऱ्याच्या हाती काय पडले? तळेगावच्या कारखान्यांची उत्तरे तळेगावच्या हवेत दिसली पाहिजेत. वडिवळ्याच्या भाताने ती परस्पर देऊ नयेत.