तीन फिती, एक घड्याळ

शहापूरला विज्ञान शिक्षकांचे एक शिबिर होते. विषय चुंबकत्वाचा. लोखंडाचा कीस, खिळ्यावर गुंडाळलेली तार, होकायंत्र असे नेहमीचे साहित्य मांडून झाले होते. जेवणाच्या सुट्टीत मुरबाड तालुक्यातले एक शिक्षक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले. तिच्यात तीन व्हिडिओ कॅसेटी होत्या. ते म्हणाले, "सर, दिसायला ह्या व्हिडिओच्या आहेत, पण व्हीसीआरमध्ये घातल्या तर नुसत्या मुंग्या दिसतात. तरी टाकवत नाहीत."

का टाकवत नाहीत, त्याची हकीकत अशी. १९९७ च्या सुमारास ते आणि त्यांचे काही सहकारी आसपासच्या वाड्यांवरची गाणी गोळा करत होते. त्यांतली निवडक गाणी मुंबईच्या एका स्टुडिओत जाऊन मुद्रित केली. एका ठाकरवाडीतल्या आजी जात्यावर बसल्याशिवाय ओवी म्हणेनात, म्हणून जात्याचे दोन्ही दगड आणि खुंटा टेम्पोत घालून मुंबईला नेले होते. पुढे कॅसेट निघाली, पण तिच्यात कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड इतके चढवलेले की आजींचा आवाज त्याखाली दबून गेला. आजी आता नाहीत. स्टुडिओही बंद झाला, आणि बंद होताना मालकाने ह्या तीन कॅसेटी गुरुजींना बोलावून देऊन टाकल्या. कडेला आकडे लिहिलेले होते: १ ते ८, ९ ते १६, १७ ते २४.

ते आकडे वाचले आणि उलगडा झाला. या व्हिडिओ कॅसेटी नव्हत्याच. 'एडॅट' नावाच्या डिजिटल यंत्रावरच्या त्या २४ ट्रॅकच्या मूळ फिती होत्या. म्हणजे कीबोर्ड वेगळ्या ट्रॅकवर, ऑक्टोपॅड वेगळ्या ट्रॅकवर, आणि आजींचा आवाज कुठेतरी एकटा, निर्मळ, तसाच बसलेला.

प्रथम व्हिडिओच्या फितीवर आवाज कशासाठी, ते पाहू. डिजिटल मुद्रणात आवाजाची उंची सेकंदाला ४८,००० वेळा मोजतात आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहितात. आठ ट्रॅकसाठी हिशेब करा: ४८,००० × १६ × ८ = ६१,४४,०००. सेकंदाला एकसष्ट लाखांहून अधिक बिट, शिवाय चुका दुरुस्त करण्यासाठी लागणारे जादा बिट वेगळेच. फितीवर एक बिट एक मायक्रोमीटर जागा घेतो असे धरले, तर एका ओळीत लिहिण्यासाठी फीत सेकंदाला सहा मीटर वेगाने पळवावी लागेल. आपल्या साध्या कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर चालते.

व्हिडिओ यंत्र बनवणाऱ्यांनी ही अडचण आधीच सोडवली होती. त्यांनी फीत पळवण्याऐवजी लेखणीच पळवली. व्हीसीआरमध्ये ६२ मिलिमीटर व्यासाचा एक ढोल असतो, त्याच्या कडेला चुंबकीय हेड बसवलेले असतात. आपल्याकडच्या व्हीसीआरमध्ये हा ढोल सेकंदाला २५ फेऱ्या घेतो. परीघ काढून गुणाकार केला की सेकंदाला सुमारे ४.९ मीटर येतात. फीत तिरकी गुंडाळलेली असल्याने हेड तिच्यावर तिरक्या समांतर रेषा ओढत जातो. नववीच्या वर्गाला हे उदाहरण जरूर द्यावे, वर्तुळाच्या परिघाचा इतका ठसठशीत उपयोग क्वचित सापडतो.

अमेरिकेतल्या अलेसिस या कंपनीने हीच यंत्रणा घेतली आणि जानेवारी १९९१ मध्ये एडॅट जाहीर केले. प्रत्यक्ष यंत्र १९९२ मध्ये बाजारात आले. बाजारात मिळणारी एस-व्हीएचएस कॅसेट, तिच्यावर आठ ट्रॅक, १२० मिनिटांच्या कॅसेटवर ४० मिनिटांचे मुद्रण. किंमत चार हजार डॉलरच्या आत. तोवरची अनेक ट्रॅकची डिजिटल यंत्रे कपाटाएवढी आणि मोठ्या स्टुडिओंनाच परवडणारी होती. व्हीसीआरमध्ये मुंग्या का दिसल्या, तेही यातच आले: व्हीसीआर चित्राच्या खुणा शोधत होता, आणि फितीवर होते नुसते आकडे.

पण आठच ट्रॅक? जास्त हवे असतील तर दुसरे यंत्र घ्या, तिसरे घ्या, अशी कंपनीची कल्पना होती. सोळा यंत्रांपर्यंत जोडून १२८ ट्रॅक करता येत. खरा प्रश्न इथे सुरू होतो. तीन यंत्रांत तीन फिती आहेत. त्या एकत्र चालायच्या कशा?

'एकाच वेळी बटण दाबायचे' हे उत्तर वर्गात हमखास येते. ते येऊ द्यावे आणि मग पुढील प्रयोग करावा. दोन जुने कॅसेट प्लेअर आणि एकाच गाण्याच्या दोन कॅसेटी घ्या. तीन म्हणताच दोन विद्यार्थ्यांनी बटण दाबायचे. सुरुवातीलाच थोडे अंतर पडेल, कारण दोन माणसांची बोटे एकाच क्षणी हलत नाहीत. ते सोडून देऊ. एका यंत्राचा वेग दुसऱ्याहून अर्ध्या टक्क्याने जास्त असेल, तर एका मिनिटात ०.३ सेकंद आणि पाच मिनिटांत दीड सेकंद फरक पडतो. गाण्याचा पार विचका होतो.

डिजिटल यंत्रात वेग क्वार्ट्झच्या स्फटिकावर ठरतो, तो फार अचूक असतो. पण दोन स्फटिक तंतोतंत सारखे नसतात. दहा लाखांत दहा भाग इतका फरक धरा. मनगटी घड्याळाच्या भाषेत हा महिन्याला २६ सेकंदांचा फरक झाला, म्हणजे काही वाईट घड्याळ नव्हे. चाळीस मिनिटांच्या फितीत हा फरक २४ मिलिसेकंद होतो. आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो, त्या हिशेबाने २४ मिलिसेकंद म्हणजे आठ मीटर. गाणे सुरू होताना आजींच्या शेजारी बसलेला ढोलकीवाला फीत संपेपर्यंत हळूच उठून आठ मीटर लांब जाऊन बसला, असे समजा.

थोडक्यात, एकत्र सुरू होणे आणि एकत्र चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे आपल्या मुलांना लेझीममुळे ठाऊक असते. प्रत्येकाने मनातल्या मनात आकडे मोजले तर चौथ्या-पाचव्या आवर्तनाला ओळ मोडते. म्हणून सगळे ढोलाकडे कान देतात, आणि मागे पडलेला मुलगा पुढचे पाऊल किंचित लवकर टाकतो. ढोलवाला कोणाचे पाय हलवत नाही. तो फक्त वेळ सांगतो, दुरुस्ती ज्याची त्याने करायची असते.

एडॅटच्या रिमोटचे काम नेमके असेच आहे. त्याचे नाव 'बीआरसी', म्हणजे बिग रिमोट कंट्रोल. यंत्राबरोबर एक छोटा रिमोट मिळे तो वेगळा, हा टेबलावर ठेवायचा, बटणांनी भरलेला चांगला मोठा फळा. टीव्हीचा रिमोट अवरक्त किरणांची एक खूण फेकतो आणि मोकळा होतो. बीआरसीमधून मात्र नऊ टाचण्यांच्या जोडणीची एक तार पहिल्या यंत्राला जाते, तिथून दुसरी दुसऱ्याला, अशी साखळी. या तारेतून आज्ञा जातात, त्यांबरोबर एक सामाईक घड्याळही जाते आणि 'आता आपण अमुक मिनिट, अमुक सेकंद, अमुक नमुन्यावर आहोत' हा पत्ताही जातो.

यंत्राला स्वतःचा पत्ता कसा कळतो? कोरी फीत वापरण्यापूर्वी ती 'फॉरमॅट' करावी लागे. त्या वेळी यंत्र फितीच्या सुरुवातीला पंधरा सेकंद जागा सोडते, त्यापुढे दोन मिनिटे नोंदींसाठी राखते, आणि मग शून्यापासून शेवटपर्यंत वेळेचे पत्ते लिहीत जाते. मैलाच्या दगडांसारखे. गाणे पुसले, पुन्हा मुद्रित केले, तरी हे दगड जागचे हलत नाहीत. चालवताना प्रत्येक यंत्र आपल्या फितीवरचा दगड वाचते, तारेतून आलेल्या पत्त्याशी ताडते आणि मागे असेल तर फीत किंचित जलद ओढते, पुढे असेल तर सावकाश. बटण दाबल्यावर काही सेकंद ही ओढाताण चालते. मग सगळी यंत्रे एका नमुन्याइतक्या अचूकतेने जुळतात. एक नमुना म्हणजे १/४८,००० सेकंद, आणि तेवढ्या वेळात आवाज जातो फक्त सात मिलिमीटर.

एवढ्या अचूकतेची गरज आहे का, असे मलाही पूर्वी वाटायचे. ते चूक होते, हे या फितींनीच शिकवले. आम्हाला आधी एक चालू यंत्र एका ठिकाणी मिळाले. त्यावर पहिली फीत साध्या ध्वनितारेने संगणकात उतरवली. तीन आठवड्यांनी दुसरीकडे दुसरे यंत्र मिळाले, त्यावर दुसरी फीत उतरवली. आजींच्या तोंडाजवळचा मायक्रोफोन तिसऱ्या ट्रॅकवर, म्हणजे पहिल्या फितीवर होता. जात्याजवळचा दहाव्या ट्रॅकवर, म्हणजे दुसऱ्या फितीवर. ओवीच्या आरंभी खुंटा ठोकल्याचा आवाज दोन्हींत होता, तो एकावर एक जुळवला. पहिले कडवे सुरेख वाटले. शेवटच्या कडव्यापर्यंत आजी पत्र्याच्या पिंपात बसून गात आहेत असे वाटू लागले!

कारण असे. जात्याजवळच्या मायक्रोफोनमध्ये आजींचा आवाजही शिरलेला होता. पाच मिनिटांत दोन यंत्रांमध्ये तीन मिलिसेकंदांचा फरक पडला. दोन सारखे आवाज एका मिलिसेकंदाने सरकले तर ५०० हर्ट्झचा स्वर नाहीसा होतो, कारण त्याचे अर्धे आवर्तन बरोबर तेवढ्याच वेळाचे असते आणि एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यात पडतो. तीन मिलिसेकंदांना सुमारे १६७ हर्ट्झ, ५०० हर्ट्झ, ८३३ हर्ट्झ अशी ओळच्या ओळ पुसली जाते. हे व्यतिकरण अकरावी-बारावीच्या पुस्तकात प्रकाशाच्या प्रकरणात येते. कानाने ऐकले तर विसरत नाही.

मग रीतसर रिमोट शोधला. मुंबईत एका हौशी संग्राहकाकडे बीआरसी मिळाला, काही बटणे घट्ट झालेली होती. दोन यंत्रे आमच्याकडे होतीच, तिसरे चालेना. म्हणून आधी पहिली आणि दुसरी फीत एकत्र चालवली, नंतर पहिली आणि तिसरी. या वेळी प्रकाशतंतूच्या तारेने, म्हणजे फितीवरचे आकडे जसेच्या तसे संगणकात. एका तंतूतून आठही ट्रॅक जातात. पहिली फीत अशा रीतीने दोनदा उतरली, याचा एक फायदा झाला. दोन प्रती एकमेकींतून वजा करायच्या आणि बाकी शून्य येईपर्यंत एक नमुना, दोन नमुने असे सरकवत जायचे. शून्य आले की तिन्ही फिती आपोआप जुळल्या.

पहिल्यांदा फीत आत घातली तेव्हा आणखी एक गोष्ट घडली. राखलेल्या त्या दोन मिनिटांत स्टुडिओतल्या कोणी गाण्यांची नावे आणि थांबण्याच्या जागा भरून ठेवल्या होत्या. रिमोटने त्या वाचल्या आणि त्याच्या छोट्या पडद्यावर रोमन लिपीत एकेक नाव उमटले. त्यात एका जागेचे नाव नुसते 'आजी' होते. तिथे जा असे सांगितले. दोन्ही ढोल घरघरले, फिती पुढे गेल्या आणि थांबल्या. तिसरा ट्रॅक सोडून बाकी सारे बंद केले. ओवी सुरू होण्याआधी आजी विचारतात, "लावलं का रं?" गुरुजींनी ते चार वेळा ऐकले.

ज्यांच्या घरी किंवा शाळेत अशा फिती असतील त्यांच्यासाठी दोन शब्द. प्रथम कॅसेटच्या कडेची छोटी पट्टी मोडावी, म्हणजे चुकून त्यावर काही लिहिले जाणार नाही. एडॅटवर फॉरमॅटचे बटण रेकॉर्डच्या बटणाबरोबर दाबले तर जुने सारे पुसले जाते. खिडकीतून पाहिल्यावर फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी असते. अशी कॅसेट कोणत्याही यंत्रात घालू नये, तिची बुरशी ढोलावर आणि तिथून पुढच्या कॅसेटला लागते. मी शिबिरातच उत्साहाने व्हीसीआर मागवायला निघालो होतो, ते चुकलेच असते. शहापूर-मुरबाडचा पावसाळा फितींना मानवत नाही, तेव्हा हे काम हिवाळ्यात काढावे. आणि फार लांबणीवर टाकू नये. फीत टिकली तरी ढोल, रबरी चाके आणि ती दुरुस्त करणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

मुळशीपासून सुरू झालेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पाचे उदाहरण इथे आठवते. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या सहकाऱ्यांसह एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या, आणि १९९० च्या दशकात बेर्नार बेल त्यांना मिळाल्यावर १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रणही झाले. त्यांतल्या कितीतरी ओव्या २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर गाणाऱ्या बायांच्या आवाजात ऐकता येतात. वर्गात लावून पाहाव्यात. तिथे जाते, बांगड्या आणि आवाज एकत्रच ऐकू येतात, ते वेगळे करावे लागत नाहीत.

आमच्या तिसऱ्या फितीला शेवटी शेवटी बुरशी लागलेली होती. भुकटी हलक्या हाताने काढून ती सगळ्यांत शेवटी चालवली. डिजिटल फीत हळूहळू खरखरत नाही. चुका दुरुस्त होतात तोवर आवाज स्वच्छ असतो, आणि दुरुस्तीची मर्यादा ओलांडली की एकदम शांतता. शेवटची तीन मिनिटे अशी गेली. त्यावर नुसते कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड होते, त्यामुळे कोणी फारशी हळहळ केली नाही.