पेट्रोलचा कॉक कुठे बसवावा

बजाजची स्कूटर रस्त्यात आचके द्यायला लागली की सीटखाली हात घालून कॉक रिझर्व्हला फिरवायचा, हे माझ्या पिढीत कोणाला शिकवावं लागलं नाही. चालत्या गाडीवर, नजर रस्त्यावर ठेवून. तेही पेट्रोल संपलं तर गाडी एका अंगावर कलती करून पुन्हा किक मारायची. साताऱ्यात कॉलेजला असताना मी हे असंख्य वेळा केलं. फार तर काय, गाडी ढकलत पंपापर्यंत जायचं.

विमानाला रस्त्याची कड नाही. अमेरिकेत, ओहायोतल्या डेटनला, मी गॅरेजमध्ये दोन माणसांचं विमान बांधतो आहे आणि त्यातलं सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते पंखातल्या टाकीपासून इंजिनापर्यंतच्या पेट्रोलच्या वाटेनं.

घरी विमान बांधणं म्हणजे काय, हे महाराष्ट्रात निदान कॅप्टन अमोल यादव यांच्यामुळे ठाऊक झालं. कांदिवलीत चारकोपच्या गच्चीवर बांधलेलं त्यांचं विमान 2016 मध्ये ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. त्यांनी ते मुळापासून रचलं. माझं तसं नाही. व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही-9ए या विमानाचा कापलेला पत्रा आणि नकाशे विकत मिळतात. निम्म्याहून जास्त काम आपल्या हातांनी करावं लागतं.

डेटन हे राइट बंधूंचं गाव. त्यांच्या 1903 च्या विमानात एका खांबाला छोटी टाकी बांधलेली होती आणि पेट्रोल उतारानं इंजिनात जायचं. पंख वर असलेल्या छोट्या सेसनांमध्ये आजही बहुतेक वेळा तसंच असतं. माझ्या विमानाचे पंख मात्र खाली आहेत, इंजिन वर. म्हणजे पंप आला.

पंपाचं शहाणपण मला आप्पांच्या विहिरीनं दिलं. मोटारीला पाणी ढकलायला सांगा, माळावर चढवेल. ओढायला सांगितलंत तर पंचवीस फुटांच्या पुढे तिचं काही चालत नाही, आणि ओढणाऱ्या पाइपाला सुईएवढं भोक असलं तरी ती हवा घेते. पेट्रोलचं तर याहून नाजूक. दाब कमी झाला की ते लवकर उकळतं. उन्हात तापलेल्या विमानात पंप लांबून पेट्रोल ओढू लागला तर नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि टाकी भरलेली असूनही इंजिन उपाशी राहतं. म्हणून विजेवरचा पंप मी खाली, टाकीच्या पातळीजवळ बसवला. इंजिनाचा स्वतःचा पंप वेगळा. नळीला वळणं कमी, आणि सायलेन्सरच्या धगीपासून ती लांब.

टाक्या पंखाच्या पुढच्या कडेतच असतात, प्रत्येकी 68 लिटरच्या. पत्रा, आतल्या फासळ्या, शेकडो रिव्हेट, आणि प्रत्येक सांध्यात पॉलिसल्फाइडचं काळं, डांबरासारखं चिकट लुकण. त्याचा गंधकी वास आठवडाभर हातांना राहतो. टाकी झाली की गळती तपासायची. इथे कॉम्प्रेसर लावणाऱ्याची टाकी फुगून सांधे उसवतात. आम्ही हवा सुटायच्या नळीच्या तोंडाला वाढदिवसाचा फुगा बांधतो, बेतानं हवा भरतो आणि सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवतो. फुगा टवटवीत राहिला तर टाकी पास.

डावी टाकी पास झाली. उजवीचा फुगा सकाळी मलूल दिसला. थंडी पडली की आतली हवा आकसते आणि फुगा तसाही उतरतो, म्हणून शेजारी थर्मामीटर ठेवून मी दोन दिवस आकडे लिहीत बसलो. तिसऱ्या दिवशी मागच्या कडेच्या एका रिव्हेटशी मोहरीएवढा बुडबुडा सापडला. एकच रिव्हेट. तो काढला, पुन्हा लुकण, पुन्हा फुगा.

हवेची ती नळीही क्षुल्लक नव्हे. टाकीतून पेट्रोल जातं तितकी हवा आत यायला हवी, नाहीतर पोकळी तयार होऊन प्रवाह थांबतो. कुंभारीण माशीला असली भोकं फार आवडतात. विमान चार दिवस उभं राहिलं की मातीनं लिंपून टाकते. म्हणून तोंडाला जाळी, आणि दर उड्डाणाआधी वाकून बघणं. टाकीच्या तळाशी पाणी काढायची चावीही तितकीच गरजेची, कारण पाणी पेट्रोलपेक्षा जड असतं.

मग प्रवाहाची परीक्षा. पंपाच्या रचनेत इंजिनाच्या सर्वाधिक गरजेच्या 125 टक्के पेट्रोल पोचलं पाहिजे, हा कारखान्यातल्या विमानांचा नियम आम्ही घरचे लोकही पाळतो. माझं इंजिन टेकऑफला ताशी सुमारे 50 लिटर पितं. म्हणजे मिनिटाला लिटरभराहून थोडं जास्त यायला हवं, तेही नाक वर करून. पुढचं चाक फळ्यांवर चढवून, नळी डब्यात सोडून, घड्याळ लावून मी ते मोजलं.

राहिला कॉक. दोन्ही टाक्यांतून एकदम ओढलं तर आधी रिकाम्या झालेल्या टाकीतून पंप हवा घेईल, म्हणून डावी, उजवी आणि बंद अशा तीन जागा असलेला कॉक लागतो. नकाशात तो दोन खुर्च्यांच्या मधे, पुढे आहे. पाय ऐसपैस ठेवता यावेत म्हणून मला तो मागच्या भिंतीवर न्यायचा होता. काम तपासायला येणाऱ्या वयस्क विमानबांधणीकारानं एवढंच विचारलं, “डेन्व्हरचा अहवाल वाचलास का?”

वाचला. गायक जॉन डेन्व्हर 12 ऑक्टोबर 1997 रोजी कॅलिफोर्नियात मॉन्टेरेच्या समुद्रात पडून गेला. वय 53, उड्डाणाचे 2,700 हून जास्त तास. विमान होतं बर्ट रुटान यांनी रचलेलं लाँग-ईझी, दुसऱ्याने घरी बांधलेलं, त्यानं नुकतंच घेतलेलं. रुटान यांच्या नकाशात कॉक वैमानिकाच्या दोन पायांमधे आहे. बांधणाऱ्यानं तो डाव्या खांद्यामागे नेला, कारण वैमानिकाच्या जागेत पेट्रोल नको. हेतू सुरक्षिततेचाच होता. पण त्या कॉकवर खुणा नव्हत्या आणि तो जड फिरायचा. तिथवर हात न्यायला अंग पिळावं लागे, आणि पिळताना उजवा पाय आपसूक रडरवर, म्हणजे विमानाचं नाक डावीउजवीकडे वळवणाऱ्या पेडलवर, दाबला जाई. चौकशी मंडळाच्या निष्कर्षाप्रमाणे तसंच झालं आणि विमान हातातून गेलं. निघण्याआधी पेट्रोल न भरणं, या विमानाचा अपुरा सराव, हेही मंडळानं नोंदवलं आहे.

म्हणजे पेट्रोलच्या वाटेतला शेवटचा भाग माणसाचा हात आहे, आणि टाक्यांवर महिने घालवूनही तो मी धरलाच नव्हता.

कॉक नकाशातल्या जागी बसवला. पट्टा आवळून, डोळे मिटून मी आणि माझी सोळा वर्षांची मुलगी आळीपाळीनं तिथे बसलो. “डावी,” ती म्हणायची, मी फिरवायचो. “उजवी,” मी म्हणायचो, ती फिरवायची. दुसरा हात दांड्यावर, पाय रडरवर स्थिर. तिला पहिल्याच दिवशी जमलं.

गच्चीवर किंवा शेडमध्ये कोणी विमान बांधायला घेतलं असेल तर त्यांना माझी विनंती आहे: कॉकची जागा ठरवायच्या आधी खुर्चीत बसा, पट्टा आवळा, डोळे मिटा आणि हात पुढे करा. तो जिथे पडेल तिथे कॉक बसवा.