राजा रविवर्मा आणि नंदलाल बोस : बडोद्यातील दोन चित्रसृष्टी



ज्या शाळेत मी पेन्सिल धरायला शिकलो, त्याच शाळेत आमच्या चित्रकलेच्या गुरुजींच्या स्मरणार्थ बोलण्याची संधी मला लाभली, हे मी माझे भाग्य समजतो. विषय निवडण्यास फार विचार करावा लागला नाही. 1966 साली नंदलाल बोस निवर्तले, तेव्हा मी आठवीत होतो. त्या वर्षी गुरुजींनी आमच्या वर्गाला एकाच दिवशी दोन ठिकाणी नेले. सकाळी महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्यांची चित्रे दाखवली आणि दुपारी कीर्तिमंदिरात नंदबाबूंची भित्तिचित्रे. परतताना त्यांनी विचारले, “यांतला कोणता चित्रकार तुम्हांला अधिक आवडला, आणि का?” ‘कोणता’ याचे उत्तर आम्ही सर्वांनी एका सुरात दिले : रविवर्मा. ‘का’ याचे उत्तर मात्र एकालाही देता आले नाही. “मग हा प्रश्न तुमच्याकडेच राहू द्या,” एवढेच गुरुजी म्हणाले. तो प्रश्न माझ्याकडे राहिला आहे. आज त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

अशी तुलना करण्याची सोय इतर फार थोड्या गावांना आहे. या दोन्ही चित्रकारांना बडोद्यास बोलावणारे आश्रयदाते एकच होते, ते म्हणजे महाराज सयाजीराव गायकवाड. दोघांचे विषयही आपल्या पुराणेतिहासातले. तरीही दोघांच्या चित्रांत जमीनअस्मानाचा फरक आहे. तो फरक नेमका कशात आहे, हे आधी पाहू.

रविवर्म्यांचा जन्म 1848 सालचा, केरळातील किळिमानूरचा. तैलरंगांचे पाश्चात्त्य तंत्र त्यांनी बरेचसे स्वतःच्या निरीक्षणाने आत्मसात केले आणि 1873 च्या व्हिएन्ना येथील प्रदर्शनात पारितोषिक मिळवले. सयाजीरावांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी त्यांच्याकडून रामायण-महाभारतादी कथांवर चौदा चित्रे करवून घेतली. ती 1890 च्या सुमारास पूर्ण झाली. राजवाड्यात लागण्यापूर्वी ती लोकांना पाहण्यास ठेवली, तेव्हा मोठी गर्दी लोटली होती.

तैलरंग सावकाश वाळतो. त्यामुळे एक छटा दुसरीत हळूहळू मिसळता येते. गालावरचा उजेड, रेशमाची चुणी, दागिन्याची लकाकी हे सारे हाताला लागेल इतके खरे करता येते. रविवर्म्यांनी या गुणाचा पुरेपूर उपयोग केला. शिवाय कथेतील नेमका क्षण हेरण्याची त्यांची दृष्टी नाटककाराची होती. ‘नल-दमयंती’ या चित्रात दमयंती रानात गाढ झोपली आहे आणि नल तिला सोडून निघाला आहे. पाऊल अजून पुरते पडलेले नाही. पुढे काय होणार हे आपल्याला ठाऊक असते, तिला नसते. या एका क्षणात सबंध आख्यान सामावले आहे.

ही चित्रे राजवाड्यातच राहिली असती, तर रविवर्म्यांचे नाव घरोघरी पोचले नसते. पूर्वी त्रावणकोरचे आणि नंतर बडोद्याचे दिवाण असलेल्या सर टी. माधवराव यांनी त्यांना चित्रांच्या छापील प्रती काढण्याचा सल्ला दिला होता. 1894 साली मुंबईत छापखाना निघाला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे हलवण्यात आला. या छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करावा लागे आणि एकावर एक असे अनेक ठसे उमटवून चित्र सिद्ध होई. दगडांवरून निघालेल्या त्या लक्ष्मी-सरस्वती देवघरांत, दुकानांत, झोपडीत जाऊन बसल्या. ज्याला राजवाड्याचे दार उघडे नव्हते, त्याच्याही भिंतीवर चित्र आले.

आता नंदलालांकडे वळू. ते 1882 सालचे; अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्य आणि शांतिनिकेतनातील कलाभवनाचे प्रमुख. तरुणपणी अजिंठ्यास आणि पुढे बाघ येथील लेण्यांत त्यांनी जुन्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या होत्या. भिंत म्हणजे मोठा कागद नव्हे, हे ते तेथेच शिकले. 1938 च्या हरिपुरा काँग्रेससाठी गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी शेतकरी, सुतार, वादक अशा साध्या माणसांची चित्रे केली. पुढच्याच वर्षी कीर्तिमंदिराचे काम सुरू झाले आणि ते टप्प्याटप्प्याने 1946 पर्यंत चालले. गंगावतरण, मीरेचे जीवन, रवींद्रनाथांच्या नाटकावरून ‘नटीर पूजा’ आणि महाभारतातील अभिमन्युवध, असे चार भिंतींवरचे चार विषय आहेत.

येथे तंत्र टेम्पराचे आहे. रंग पाण्यात मिसळणाऱ्या चिकट द्रव्यात खललेला असतो आणि लावताक्षणी वाळू लागतो. छटा घोटत बसायला सवड नसते, म्हणून सारा भार रेषेवर येतो. नंदलालांच्या भिंतीवर एका बाजूने पडलेला उजेड नाही, रेशमाची लकाकी नाही. तेथे एक क्षणही गोठवलेला नाही. मीरेच्या भिंतीवर प्रसंगामागून प्रसंग येतात आणि आपल्याला भिंतीच्या कडेकडेने चालावे लागते. अभिमन्यूच्या भिंतीवर तर डोळ्याला विसावाच मिळत नाही. जिकडे पाहावे तिकडे आकृतींची दाटी. रेषा डोळ्याला बाहेर जाऊ देत नाही, पुन्हा आत ओढते. वेढा म्हणजे काय, हे तेथे चेहऱ्यांवरून समजत नाही, चित्राच्या रचनेवरूनच समजते.

मी कलाशिक्षण घेत होतो त्या काळात रविवर्म्यांना नाटकी, परकीय वळणाचे म्हणण्याची रीत होती. बंगालच्या कलाचळवळीतील समीक्षकांनी ही टीका फार पूर्वीच केली होती आणि आम्ही ती पाठ केली होती. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आजीच्या देवघरावर रविवर्म्यांची लक्ष्मी होती. तिच्या लुगड्याच्या काठावर आजीने स्वतःच्या हाताने जर आणि टिकल्या शिवल्या होत्या. आजी गावाला गेली असताना, ‘असली चित्रे घरात शोभत नाहीत’ असे म्हणून मी ती तसबीर जुन्या बाजारात देऊन टाकली. परत आल्यावर आजीने एवढेच विचारले, “लक्ष्मी कुठे नेलीस रे?” मी तिला यथार्थतेवर आणि भारतीयत्वावर व्याख्यान दिले. तिने ते ऐकून घेतले. तो विषय तिने पुन्हा कधी काढला नाही. ती तसबीर मी पुढे पुष्कळ शोधली, मिळाली नाही.

ही गोष्ट येथे सांगितली, कारण आवडनिवड सांगताना माणूस किती सहज दुसऱ्याची श्रद्धा आणि हातचे काम तुच्छ लेखतो, हे मी त्या दिवशी स्वतःच दाखवून दिले होते. मला नंदलाल आवडू लागले होते हे खरे. परंतु का आवडतात, हे तेव्हाही मला सांगता आले नसते. मी फक्त बाजू बदलली होती, उत्तर शोधले नव्हते.

गुरुजींच्या प्रश्नाला माझे आजचे उत्तर असे आहे. मला नंदलाल अधिक आवडतात. नलाच्या मनात काय चालले आहे, ते रविवर्मा मला सांगतात आणि फार सुंदर सांगतात; पण त्यांचे सांगून झाल्यावर मला करण्यासारखे काही उरत नाही. नंदलालांच्या भिंतीपुढे मला स्वतःला चालावे लागते, थांबावे लागते, मागे फिरावे लागते. इतक्या वर्षांत दर खेपेस मला तेथे वेगळी वाट सापडली आहे. ही माझी निवड आहे, निवाडा नव्हे. नल, दमयंती, सुभद्रा, लक्ष्मी ही माणसे व देवता मला आधी रविवर्म्यांनी ओळखीची करून दिली. ती ओळख नसती, तर दुसऱ्या चित्रकाराच्या भिंतीपुढे मी अडाणीच उभा राहिलो असतो.

एक विसंगती मात्र मनाला लागते. राजवाड्यासाठी रंगवणाऱ्या रविवर्म्यांची चित्रे घरोघरी पोचली आणि हरिपुरा काँग्रेसच्या निमित्ताने सामान्यांसाठी रंगवणाऱ्या नंदलालांच्या या भिंतींकडे आपल्याच गावातले थोडे लोक फिरकतात. रविवर्मा आपल्या घरी आले. नंदलालांकडे आपल्याला जावे लागते. शाळेला माझी एकच विनंती आहे. दर वर्षी आठवीच्या वर्गाला एका दिवशी या दोन्ही ठिकाणी न्यावे, तोच प्रश्न विचारावा, आणि उत्तर कोणीही सुचवू नये. गुरुजींचे याहून योग्य स्मारक मला सुचत नाही.